सही जुळत नाही

दुसरा हप्ता अडकलाय.
कारणाच्या रकान्यात बँकेने लिहिलंय: सही जुळत नाही.
मार्च संपायला नऊ दिवस,
न खर्चलेला पैसा दिल्लीला परत जातो,
आणि फ्रीजरमध्ये एकशे सत्तेचाळीस नंबरचा रेणू,
अडीच मिलिग्रॅम,
डब्याच्या कडेला पीठ चिकटून राहावं तेवढाच.

किंजल म्हणते, मॅडम, चालशे.
पण नायट्रोजनवाला आता उधार देत नाही.
सॉल्व्हंट आम्ही गाळून, उकळून
तिसऱ्यांदा वापरतोय,
सयाजीगंजातल्या गाड्यावरच्या चहापत्तीसारखं.

समितीसमोर मी सांगितलं होतं:
लहान हवा. पाचशेच्या आत वजन.
रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जी चौकी आहे
तिथून मोठ्यांना सोडत नाहीत.
लहान, जरा तेलकट, अंगावर भार नसलेला
गेला तर जातो आत,
आणि प्रथिनांचा गाळ जिथे साचलाय
तिथे चिकटून उजळतो.
म्हणजे बरं करतो? एकाने विचारलं.
नाही, म्हटलं. दाखवतो.
नुसतं दाखवायचे एवढे, असं कोणी बोललं नाही,
फक्त एक पेन थांबलं
आणि बेचाळीस लाखांचे एकतीस झाले.

विश्वामित्रीच्या पुलावरून हिशेब विभागात गेले.
खाली मगर पडून होती. तिला मार्च नाही.

पागेदार तीस वर्षं त्याच खुर्चीत.
आजोबा सरकारांच्या खासगीकडे कारकून,
घराण्यात अक्षराचा तोरा.
त्यांची सही म्हणजे उत्तरायणातला पतंग:
'प'चं पोट फुगलेलं,
शेवटच्या 'र'ची शेपटी थेट शिक्क्यापलीकडे.
"बँकेतला पोरगा नवा आहे," ते म्हणाले,
"काढा जुने दाखले, दाखवा त्याला."

काढले. पाच वर्षांचे पाच
टेबलावर ओळीने मांडले.
पहिल्यात शेपटी शिक्का ओलांडून गेलेली.
दुसऱ्यात शिक्क्यापाशी थबकली.
तिसऱ्यात शेपटीच नाही.
चौथ्यात अक्षरं एकमेकांना खेटून,
गारठल्यासारखी.
आणि यंदा
मोहरीचा एक दाणा, निळ्या शाईचा.

हे मला माहीत आहे.
माझ्याच प्रस्तावात, पान सहा, दुसरा परिच्छेद:
सुरुवातीच्या लक्षणांत अक्षर बारीक होत जाणे.
पुढे संदर्भ क्रमांक चौदा.
ते वाक्य मी कुठूनसं उचललं होतं,
जागा भरायला.

पागेदारांचा डावा हात खिशात.
नेहमीच असतो. मला वाटायचं, बडोद्याची ऐट.

"जरा मोठी करा ना सही," मी म्हटलं.
त्यांनी रद्दी कागदावर केली.
'प' मोठा आला, 'गे'पर्यंत मध्यम,
मग हात आपोआप उतार लागल्यासारखा.
"पेन बरोबर नाही," ते म्हणाले.
मी माझं दिलं.
तेही बरोबर नव्हतं.

मग मी पट्टी घेतली, पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या,
अंगठ्याएवढं अंतर सोडून.
ह्यांच्यामध्ये करा.
केली त्यांनी.
पोट फुगलं, शेपटी सुटली,
शिक्क्याच्या पार गेली.
पाच वर्षांपूर्वीचा माणूस
कागदावर क्षणभर येऊन बसला.

"हं," ते म्हणाले. स्वतःच बघत राहिले.
पंखा फिरत होता, कागद फडफडत होते,
खिशातला हातही,
पंख्याचा काही संबंध नसताना.

मी बोलणार होते.
सहा वर्षं मी हेच करतेय, चौकीतून आत जाईल
असं काही लहानसं बनवतेय,
आणि तोंडाशी आलेलं वाक्य
कितीही तासलं तरी मोठंच होत होतं.

त्यांनी खोडरबर शोधलं.
"रेघा पुसू का, मॅडम? चांगलं दिसत नाही."

राहू द्या, मी म्हटलं.
पुढच्या हप्त्याला लागतील.